पडताळता येईल असा शोधनिबंध

संगणकशास्त्रातल्या शोधनिबंधात लेखक एक दावा मांडतो आणि तो दावा आपल्या गैरहजेरीत कुणालाही तपासता यावा एवढी सामग्री वाचकाच्या हाती ठेवतो. अमुक पद्धत आधीच्या पद्धतीपेक्षा कमी वेळात उत्तर काढते, तमुक प्रश्न एवढ्या पायऱ्यांत सुटतो, या डेटासेटवर हे मॉडेल इतक्या चुका करते, अशा जातीचे हे दावे असतात. निबंधाचे भाग कोणते, वाक्य किती लांब, तक्त्यात काय घालायचे, संदर्भ कसे द्यायचे, या सगळ्या रीती तपासणीच्या गरजेतून आल्या आहेत. संगणकशास्त्र गणित आणि अभियांत्रिकी यांच्या मधल्या जागेत वाढले. त्यामुळे इथले काही दावे सिद्धतेने टिकतात, काही प्रयोगाने, तर काही प्रणाली बांधून ती चालवून दाखवल्यावर. आपला पुरावा यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे लेखणी उचलण्याआधी ठरलेले नसेल, तर निबंध तिन्हीकडे थोडा थोडा फिरतो आणि काहीच सिद्ध करत नाही.

नवी मुंबईतल्या विद्यार्थ्याची या लेखनाशी पहिली गाठ पडते ती इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी. ऐरोलीचे दत्ता मेघे, कोपरखैरण्याचे लोकमान्य टिळक, वाशीचे फादर रॉड्रिग्ज, नेरूळची रामराव आदिक, एसआयईएस आणि तेरणा, खारघर स्थानकासमोरचे भारती विद्यापीठ, नवीन पनवेलचे पिल्लई अशी कॉलेजांची एक ओळच या शहरात लोकलच्या मार्गाने उभी आहे. वर्षाच्या अखेरीस प्रोजेक्टचा गट काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा अहवाल सादर करतो. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत त्याला सगळे ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. प्रस्तावना, लिटरेचर सर्व्हे, प्रणालीची रचना, आकृत्या, स्क्रीनशॉट, निष्कर्ष, फ्युचर स्कोप असा त्याचा क्रम ठरलेला असतो. मग गाईड सुचवतात की यावर एक पेपर काढा, आणि गट त्याच अहवालाला कात्री लावून आयईईईच्या दोन स्तंभांच्या साच्यात सहा पाने बसवतो.

बहुतेक निबंध इथेच फसतात. ब्लॅक बुक परीक्षकासाठी असते. मुलांनी वर्षभर काम केले, त्यांना विषय कळला, प्रणाली चालते, हे त्यातून दिसायला हवे. म्हणून त्यात लॉगिनच्या पानाचे चित्र असते आणि डेटाबेसच्या तक्त्यांची यादीही असते. शोधनिबंधाच्या वाचकाला गटाने किती कष्ट घेतले याच्याशी कर्तव्य नसते. आधी जे माहीत नव्हते त्यातले काय आता माहीत झाले, एवढेच त्याला हवे असते. अहवाल कामाच्या क्रमाने चालतो, निबंध युक्तिवादाच्या क्रमाने. सहा महिने ज्या भागावर गेले तो भाग निबंधात एका ओळीत संपू शकतो, आणि शेवटच्या आठवड्यात सुचलेली तुलना दोन पाने घेऊ शकते.

एक कल्पित प्रोजेक्ट घेऊ. ठाणे खाडीत भरती आली की फ्लेमिंगोंचे थवे नेरूळच्या टी. एस. चाणक्य परिसरातल्या पाणथळीवर येतात. समजा, मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांवरून त्यांची मोजणी करणारा प्रोग्रॅम एका गटाने लिहिला. ‘मशीन लर्निंग वापरून पक्षी ओळखण्याची नवीन पद्धत’ हे शीर्षक सुचायला सोपे, पण त्यातून काहीच कळत नाही. कोणते पक्षी, कशावरून ओळखायचे, नवीन म्हणजे कशाच्या तुलनेत नवीन? ‘काठावरून घेतलेल्या मोबाइल छायाचित्रांतील दाट थव्यांमधल्या फ्लेमिंगोंची मोजणी’ हे शीर्षक साधे आहे, पण काम कुठे सुरू होते आणि कुठे थांबते हे ते सांगते. ‘नवीन’, ‘स्मार्ट’, ‘कार्यक्षम’ ही विशेषणे शीर्षकातून काढली की निबंधाचे काही बिघडत नाही, आणि तेवढ्यावरून ती निरुपयोगी होती हे कळते. शीर्षक किती नेमके असू शकते याचा भारतीय नमुना आयआयटी कानपूरचा आहे. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांच्या २००२ मधल्या निबंधाचे नाव ‘प्राइम्स इज इन पी’ असे आहे. दिलेली संख्या मूळसंख्या आहे की नाही हे बहुपदी वेळेत ठरवता येते, हा संपूर्ण निष्कर्ष त्या चार शब्दांत आला आहे.

शीर्षकानंतर सारांश. संगणकशास्त्रातले बरेच वाचक एवढेच वाचून पुढे जायचे की नाही ते ठरवतात. चांगला सारांश कसा असतो हे नरेंद्र करमरकर यांच्या निबंधात पाहावे. करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले, पवईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये पदवी घेतलेले, पुढे अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये काम करणारे संशोधक. रेषीय प्रायोजन, म्हणजे मर्यादित साधनसामग्रीत जास्तीत जास्त लाभ मिळवण्याचे गणित, सोडवण्याची त्यांची नवी पद्धत १९८४ मध्ये ‘कॉम्बिनेटोरिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्या सारांशात पहिल्या वाक्यात काय केले ते येते. लगेच वाईटात वाईट परिस्थितीत किती गणिती क्रिया लागतात त्याचे सूत्र येते. त्या सूत्रातली अक्षरे कशासाठी आहेत ते तिथल्या तिथे सांगितले जाते, आणि मग खाचियान यांच्या १९७९ मधल्या लंबगोलाच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत किती पटींनी सरस आहे त्याचा आकडा येतो. त्यानंतर कुठे पद्धतीमागची कल्पना सुरू होते. संगणकशास्त्राचे महत्त्व किंवा आजच्या धावपळीचे युग यांबद्दल त्यात एक अक्षर नाही. फ्लेमिंगोंचा गट हाच क्रम पाळू शकतो: काय मोजले, कशावर तपासले, हाताने केलेल्या मोजणीपेक्षा उत्तर सरासरी किती पक्ष्यांनी चुकले, आणि आधीची सर्वांत चांगली पद्धत त्याच छायाचित्रांवर किती चुकली.

प्रस्तावनेत वाचकाला प्रश्नापर्यंत नेऊन सोडायचे असते. इथे योगदानाची यादी स्पष्ट लिहावी असा सल्ला ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ सायमन पेटन जोन्स यांनी शोधनिबंध कसा लिहावा यावरच्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात दिला आहे. त्यांचा दुसरा सल्ला अधिक मोलाचा आहे: संशोधन पूर्ण होण्याची वाट न पाहता निबंध आधी लिहायला घ्यावा. लिहिताना आपल्याला काय कळलेले नाही ते दिसते, आणि ते भरून काढण्यासाठी पुढचे प्रयोग ठरतात. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी हे सर्वांत आधी स्वीकारावे. जुलैमध्ये विषय ठरला आणि मार्चमध्ये लिहायला बसले, तर राहून गेलेला प्रयोग करायला वेळच नसतो.

यानंतर पूर्वीच्या कामाचा आढावा येतो. ब्लॅक बुकमधला लिटरेचर सर्व्हे पुष्कळदा हजेरीपटासारखा असतो. अमुकांनी २०१९ मध्ये हे केले, तमुकांनी २०२१ मध्ये ते केले, प्रत्येकाला एक परिच्छेद, आणि कुणाचा कुणाशी संबंध नाही. खरा आढावा कामांची वाटणी कल्पनांनुसार करतो. गर्दी मोजण्याच्या काही पद्धती एकेक पक्षी शोधून मोजतात, काही एकूण घनतेचा अंदाज बांधतात. पहिल्या दाट थव्यात चुकतात, दुसऱ्यांना शिकण्यासाठी जास्त छायाचित्रे लागतात. म्हणून प्रस्तुत निबंध कोणत्या बाजूला आहे आणि का, हे आढाव्यातून आपोआप उलगडायला हवे.

आढावा अपुरा राहिला की काय होते हेही करमरकरांच्याच कथेत आहे. त्यांच्या पद्धतीचे एक सोपे रूप १९८६ च्या सुमारास काही संशोधकांनी मांडले. नंतर लक्षात आले की सोव्हिएत गणितज्ञ दिकिन यांनी तीच पद्धत १९६७ मध्येच छापली होती. ती रशियनमध्ये होती आणि पश्चिमेकडे तिची दखलच घेतली गेली नव्हती. १९८६ मध्येच गिल, मरे, साँडर्स, टॉमलिन आणि राइट यांनी करमरकरांची पद्धत आणि १९६० च्या दशकातल्या अडथळा-फलनांच्या पद्धती यांतले गणिती नाते दाखवून दिले. त्यामुळे करमरकरांचे श्रेय कमी झाले नाही, कारण वेळेच्या मर्यादेची सिद्धता त्यांचीच होती. मात्र आपले काम आधीच्या कोणत्या कामाच्या शेजारी बसते हे शोधणे किती कठीण आणि किती आवश्यक आहे, ते यातून कळते. आज शोधयंत्रे हाताशी आहेत आणि निबंधांच्या प्रती बहुधा फुकट मिळतात. तेव्हा पहिल्या दहा निकालांवर थांबायला आता फारसे कारण उरलेले नाही.

पद्धतीचे वर्णन हा निबंधाचा कणा. एखाद्या जाणकाराने केवळ निबंध वाचून तेच काम पुन्हा करायला घेतले, तर त्याला लेखकाला फोन करावा लागू नये. करमरकरांच्या निबंधाने ही कसोटी अर्धी पार केली आणि अर्धी नाही. वेळेच्या मर्यादेची सिद्धता छापलेली होती. जगभरच्या गणितज्ञांनी ती तपासली आणि मान्य केली. पण १९ नोव्हेंबर १९८४ ला ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली तेव्हा चर्चा दुसऱ्याच दाव्याची होती. रेषीय प्रायोजनासाठीच्या, डँट्झिग यांच्या १९४७ पासूनच्या सिंप्लेक्स पद्धतीपेक्षा ही पद्धत प्रत्यक्षात सुमारे पन्नास पट वेगवान आहे, असे सांगितले जात होते. इतरांनी प्रोग्रॅम लिहून पाहिले, पण तो वेग त्यांना मिळेना. बेल लॅब्ज चालवणाऱ्या कंपनीने पद्धत व्यापारासाठी राखून ठेवली होती आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅमचा तपशील बाहेर आला नव्हता. त्यावरून बरीच वर्षे कडवट वाद झाले. १९८८ मध्ये पद्धतीला अमेरिकन पेटंट मिळाले. अ‍ॅडलर, रेझेंदे आणि व्हेगा यांच्यासह खुद्द करमरकरांनी लिहिलेला, प्रोग्रॅमचा तपशील देणारा निबंध १९८९ मध्ये आला. करमरकरांच्या पद्धतीसारख्या अंतर्बिंदू पद्धती पुढे खरोखरच मोठ्या प्रश्नांवर वेगवान ठरल्या आणि आज रेषीय प्रायोजनाच्या प्रत्येक प्रमुख सॉफ्टवेअरमध्ये त्या आहेत. म्हणजे मूळ संशोधन खरे होते. तरीही एक दावा लगेच मान्य झाला आणि दुसऱ्यावर पाच वर्षे अविश्वास राहिला. पहिला तपासता येत होता आणि दुसरा येत नव्हता, एवढाच या दोघांतला फरक.

प्रयोगावर उभ्या असलेल्या आजच्या निबंधांना हे अधिकच लागू आहे. मॉडेल कोणते, ते कोणत्या सॉफ्टवेअरच्या कितव्या आवृत्तीवर चालवले, शिकण्याचा दर किती, किती फेऱ्या झाल्या, यादृच्छिक संख्यांचे बीज कोणते, यंत्र कोणते, हा तपशील रटाळ वाटला तरी द्यायलाच हवा. पानांच्या मर्यादेत तो बसत नसेल तर परिशिष्टात किंवा कोडसोबत द्यावा. अमेरिकेतल्या एसीएम या संघटनेच्या अनेक परिषदांमध्ये निबंधासोबतचा कोड आणि डेटा वेगळ्या परीक्षकांकडून चालवून पाहिला जातो, आणि तो चालला तर निबंधावर तसे चिन्ह छापले जाते. कोड गिटहबवर ठेवला असे नुसते लिहून भागत नाही. तो नव्या यंत्रावर कसा चालवायचा आणि कोणत्या आज्ञेने कोणता तक्ता तयार होतो, हे सोबत लिहिलेले हवे.

निकालांच्या भागात नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक आकड्यात नसून आकड्याच्या अर्थात असते. फ्लेमिंगोंच्या गटाने समजा ‘छायाचित्रात पक्षी आहेत की नाहीत’ यासाठी ९५ टक्के ॲक्युरसी मिळाल्याचे लिहिले. शंभरातल्या पंच्याण्णव छायाचित्रांत पक्षीच नसतील, तर ‘नाहीत’ एवढेच उत्तर प्रत्येक वेळी देणाऱ्या प्रोग्रॅमलाही ९५ टक्के मिळतात. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तुलनेचा आकडा लागतो. त्याला बेसलाइन म्हणतात, आणि ती साधीही असावी, तगडीही असावी. छायाचित्रातले गुलाबी ठिपके मोजणारी दहा ओळींची रीत किती चुकते हे सांगितल्याशिवाय मोठ्या न्यूरल नेटवर्कची गरज सिद्ध होत नाही. आणि प्रसिद्ध झालेल्या सर्वोत्तम पद्धतीशी तुलना केल्याशिवाय नवी पद्धत चांगली ठरत नाही. तुलना करताना स्वतःच्या पद्धतीची सेटिंग महिनाभर जुळवायची आणि दुसऱ्याची आहे तशी चालवायची, हा अन्याय परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो.

दुसरी चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक. एकाच दुपारी, एकाच जागेवरून, काही सेकंदांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे यादृच्छिकपणे वाटून त्यांतली काही शिकण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी ठेवली, तर मॉडेलने परीक्षेतला प्रश्न जवळजवळ आधीच पाहिलेला असतो. आकडे सुंदर येतात आणि पुढच्या हंगामात प्रणाली कोसळते. वाटणी दिवसानुसार किंवा जागेनुसार करावी आणि ती कशी केली ते एका वाक्यात लिहावे. एकदाच मिळालेला निकाल पुरत नाही, वेगवेगळ्या बीजांनी प्रयोग पुन्हा करून चढउतारही दाखवावा लागतो. आणि चुकांचा भाग वगळू नये. लांबवरचे बगळे फ्लेमिंगो म्हणून मोजले गेले, मावळतीच्या उलट्या प्रकाशात रंगच हरवला, एकमेकांआड उभे असलेले पक्षी एकच धरले गेले, अशा नोंदींतून पुढच्या संशोधकाला सरासरीपेक्षा जास्त उपयोगाचे काही मिळते.

डेटासेट स्वतः तयार केला असेल तर तो कसा तयार झाला हेच निबंधाचे योगदान असते. मराठीतला चांगला नमुना पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचा आहे. या गटाने २०२१ मध्ये मराठी ट्वीटमधल्या भावना ओळखण्यासाठी डेटासेट प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १६,००० ट्वीट सकारात्मक, नकारात्मक आणि तटस्थ अशा तीन वर्गांत विभागलेली आहेत. निबंधात ट्वीट कुठून घेतली ते आहे, कोणते ट्वीट कोणत्या वर्गात टाकायचे याचे नियम आहेत, आकडेवारी आहे आणि चार वेगळ्या प्रकारच्या मॉडेलांचे प्राथमिक निकालही आहेत. हे सगळे सार्वजनिक असल्यामुळे कुणालाही त्याच ट्वीटवर आपले मॉडेल चालवून तुलना करता येते. मराठीसाठी असे पायाभूत काम थोडे झाले आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधल्या प्रोजेक्टांना इथे मोठी जागा मोकळी आहे, अट एवढीच की निबंध याच काळजीने लिहिला जावा.

आकृत्या आणि तक्ते यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. ‘वापरकर्ता, प्रणाली, उत्तर’ असे तीन चौकोन बाणांनी जोडलेली आकृती जागा खाते, माहिती देत नाही. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर राशीचे नाव आणि एकक हवे. काळ्यापांढऱ्या छपाईतही रेषा ओळखू याव्यात. आकृतीखालची ओळ अशी असावी की मुख्य मजकूर न वाचताही आकृती कळावी. चारच आकडे असतील तर आलेख कशाला, तक्ता किंवा एक वाक्य पुरते.

भाषेचा प्रश्न मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त घाबरवतो, कारण निबंध इंग्रजीत लिहायचा असतो. पण या लेखनाला अलंकारिक इंग्रजी नकोच असते. छोटी वाक्ये, एका वाक्यात एक विधान, कर्ता स्पष्ट, एका गोष्टीला निबंधभर एकच नाव, एवढ्यावर काम भागते. शाळेत शिकवलेला पुनरुक्ती टाळण्याचा नियम इथे विसरावा लागतो. एकदा ‘मॉडेल’ म्हटलेल्या गोष्टीला पुढे ‘प्रणाली’, ‘आराखडा’ आणि ‘यंत्रणा’ म्हटले, तर त्या चार वेगळ्या गोष्टी आहेत असे वाचक समजतो. सगळे कर्मणी प्रयोगात लिहिण्याची सवयही सोडावी. ‘असे आढळून आले’ यातून कुणाला, कसे, ते कळत नाही. ‘आम्ही मोजले’ असे लिहायला संगणकशास्त्रात हरकत नसते.

लांब वाक्यांचा त्रास यंत्रालाही होतो, आणि त्यावरचे एक आरंभीचे संशोधन मुंबईशी जोडलेले आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या एनसीएसटी या राष्ट्रीय सॉफ्टवेअर केंद्राचे मुख्यालय जुहूला होते. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली. एनसीएसटीतले संशोधक आर. चंद्रशेखर यांनी दोन सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये मजकूर आपोआप सोपा करण्यावर निबंध लिहिला. लांब, गुंतागुंतीची वाक्ये संगणकाला उलगडता येत नाहीत, म्हणून आधी त्यांचे तुकडे करून लहान वाक्ये बनवावीत, अशी त्यांची मांडणी होती. संबंधी उपवाक्य वेगळे काढून त्याचे स्वतंत्र वाक्य करणे हे त्यातले मुख्य तंत्र. आपला मसुदा सुधारणाऱ्या लेखकालाही नेमके हेच करावे लागते.

गणिती मजकुरासाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांचे नियम अजून उपयोगी आहेत. त्यांनी १९८७ मध्ये स्टॅनफर्डला गणिती लेखनावर स्वतंत्र अभ्यासक्रम घेतला आणि त्याच्या टिपणांचे पुढे पुस्तक झाले. वाक्याची सुरुवात चिन्हाने करू नये, दोन सूत्रांच्या मध्ये नुसता स्वल्पविराम न ठेवता एखादा शब्द ठेवावा, चिन्हे गाळून वाक्य वाचले तरी ते सरळ वाहावे, अशा त्यांच्या सूचना आहेत. हे नियम बारीक वाटतात, पण सिद्धता वाचणाऱ्याचा प्रत्येक अडखळा म्हणजे चूक निसटण्याची जागा असते.

आता प्रामाणिकपणा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत दुरुस्त करून द्यायचे, ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, त्याहून जास्त असल्यास नोंदणी रद्द. नियमांचा हेतू चांगला, पण आकडा हाती आला की लक्ष आकड्यावरच जाते. साम्याची टक्केवारी खाली आणण्यासाठी शब्दांच्या जागी प्रतिशब्द घालून देणारी साधने वापरली जातात. कबानाक, लाबे आणि मागाझिनॉव्ह या संशोधकांनी २०२१ मध्ये अशा निबंधांचा माग काढला. त्यांना ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आणि ‘बिग डेटा’च्या जागी ‘कोलोसल इन्फर्मेशन’ असे प्रयोग सापडले, आणि ते संगणकशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकांतही होते. कल्पना दुसऱ्याची घेतली तर शब्द बदलूनही ती दुसऱ्याचीच राहते. संदर्भ द्यायचा तो कल्पनेसाठी, आणि वाक्य जसेच्या तसे हवे असेल तर अवतरणचिन्हांत.

भाषा-मॉडेलांच्या मदतीने लिहिण्याबद्दल प्रमुख संघटनांची भूमिका आता बरीचशी सारखी आहे. यंत्राला लेखक म्हणून नाव देता येत नाही, मजकूर तयार करायला त्याचा वापर केला असेल तर तो जाहीर करायचा, आणि मजकुराची जबाबदारी पूर्णपणे नाव असलेल्या माणसांची. व्याकरण तपासायला ही साधने उपयोगी पडतात. पण ती अस्तित्वात नसलेले निबंध संदर्भ म्हणून आत्मविश्वासाने देऊ शकतात. लेखकाने उघडून न वाचलेला एकही संदर्भ यादीत नसावा, हा जुना नियम त्यामुळे आज अधिक कडकपणे पाळायला हवा.

निबंध पाठवायचा कुठे, याचे संगणकशास्त्रातले उत्तर इतर शास्त्रांपेक्षा वेगळे आहे. इथे नियतकालिकांइतकाच, काही शाखांत त्यांहून जास्त, मान परिषदांना असतो, आणि चांगल्या परिषदेत संपूर्ण निबंधाचे परीक्षण होते. अनेक परिषदांत लेखकाचे नाव परीक्षकापासून लपवलेले असते, म्हणून स्वतःच्या आधीच्या कामाचा उल्लेखही तृतीय पुरुषात करावा लागतो. शेवटची तारीख बहुधा ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ या हिशेबाने असते, म्हणजे पृथ्वीवर कुठेतरी तो दिवस उरलेला असेपर्यंत. भारतीय वेळेनुसार ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला संपते. याच्या दुसऱ्या टोकाला पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणारी नियतकालिके आहेत. पुण्यातल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीचे विश्लेषण छापले. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कोणत्याही मोठ्या सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असावीत, असे त्यात दिसले. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके काढली. अशा जागी छापलेल्या निबंधाचे खरे परीक्षण कुणीच करत नाही, आणि विद्यार्थ्याला तेच तर हवे असते.

परीक्षकांची मते आली की प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्यायचे असते: काय बदलले, कुठे बदलले, बदलले नसेल तर का. परीक्षकाला समजले नाही असे वाटले, तरी तो परिच्छेद पुन्हा लिहावा, कारण पुढचा वाचकही तिथेच अडखळणार. कानपूरच्या निबंधाचेच पाहावे. ऑगस्ट २००२ मध्ये नऊ पानांचा मसुदा जगभरच्या तज्ज्ञांकडे गेला आणि काही दिवसांतच त्यांनी तो तपासून बरोबर ठरवला. तरीही लेखक तिथे थांबले नाहीत. गणितज्ञ हेंड्रिक लेन्स्ट्रा यांनी सुचवलेल्या सुधारणेमुळे चाळणी-सिद्धान्तातल्या एका अवघड निष्कर्षाचा आधार सिद्धतेला लागेनासा झाला. २००४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापलेल्या आवृत्तीत लेखकांनी ही सोपी सिद्धता घेतली, आणि ती सुधारणा कुणाची हे निबंधातच नोंदवले.